सुका भराव

राहीनं मोबाइलचा दिवा लावला तसे आप्पा म्हणाले, "तो विझव आधी. अंधाराला जरा वेळ दिला की आपोआप दिसायला लागतं."

लाईट जाऊन बराच वेळ झाला होता. पडवीत आप्पा खुर्चीत बसले होते. पायरीवर त्यांची नात राही आणि मुंबईहून आलेला तिचा मामेभाऊ दीपक. समोरच्या चढावर स्टेडियमची भिंत आभाळापेक्षा थोडी जास्त काळी दिसत होती.

"आप्पा, तिथं कधी मॅच होते का हो?" दीपकनं विचारलं. "मी येतो तेव्हा काहीतरी वेगळंच असतं. मागे फटाक्यांचे स्टॉल होते."

"अलीकडे एक झाली होती. तिच्या आदल्या रात्रीची गोष्ट सांगतो. भुताची म्हण हवी तर. पण ज्याच्यावर गुदरली तो भुतं मानत नाही. मीही मानत नाही."

"मग भुताची कशाला म्हणता?" राही म्हणाली.

"दुसरं नाव सापडलं नाही, गो."

आप्पांनी सांगितलं ते असं.

ते मैदान बांधलं रग्बी आणि फुटबॉलसाठी. नौदलातून निवृत्त होऊन गावी आलेल्या एका साहेबांनी वरपर्यंत खटपट केली. कातळ फोडून सडा, म्हणजे वरचा खडकाळ माळ, सपाट केला, बाहेरून माती आणली, दोन्ही बाजूंना बसायला पायऱ्या उठवल्या. दोन टोकांना रग्बीचे उंच खांब लागले तेव्हा बंदरावरचे खलाशी म्हणाले, डोलकाठ्या तर आल्या, आता गलबत कधी? उद्घाटनाला नौदलाची पोरं रग्बी खेळली. एका पोरावर दहाजण पडलेले बघून पहिल्या रांगेतल्या आनंदीबाई उठून ओरडल्या, "अरे सोडवा कुणीतरी! सगळ्यात खालचा मेला तो!"

तो रग्बीचा पहिला सामना आणि तोच शेवटचा. पुढे त्या खांबांना सर्कसवाल्यांनी तंबूचे दोर बांधले. वादळात एक खांब वाकला, तेव्हा दोन्ही काढले. मग मैदानात कृषी प्रदर्शन भरलं, पोलीस भरती झाली, मतमोजणी झाली. वादळानंतर मदतीची हेलिकॉप्टरं उतरली, करोनात भाजीबाजार बसला. प्रत्येकाची गरज खरी, नाही कुणाला म्हणणार? पण जो येई तो मांडव घाली. मांडवाला खांब लागतात आणि खांबांना खड्डे. जाताना खांब घेऊन जायचे. खड्डे इथंच.

ते बुजवायचा गंगाराम तांबे, मैदानावरचा माळी. खड्ड्यात मातीचा एक थर, वर पाणी, मग चोपणं. पुन्हा थर, पुन्हा पाणी.

"चोपणं म्हणजे?" दीपकनं विचारलं.

"मूठ असलेली जाड फळी. घरापुढचं खळं, म्हणजे अंगण, ठोकून टणक करतात ना, ती."

गंगाराम प्रत्येक खड्डा घरचं खळं असल्यासारखा चोपायचा. शाळा सुटली की त्याचा मुलगा अभय घागरीनं पाणी आणून द्यायचा. गंगाराम वारला. त्याच्या जागी दुसरा माणूस काही नेमला नाही. अभय तोवर मी शिकवायचो त्या आमच्याच शाळेत खेळाचा शिक्षक झाला होता, मुलींना फुटबॉल शिकवत होता.

दोन वर्षांपूर्वीची माघातली अमावास्या. तिची आदली रात्र, शनिवार. रविवारी सकाळी मुलींची जिल्ह्याची फायनल, आमची शाळा आणि देवरूखची. सामना आमच्या मैदानावर, म्हणून मैदान नीट राखायची जबाबदारीही आमची. पंच सकाळी येऊन टाच मारून जमीन बघणार. रुतली तर सामना नाही, कप देवरूखला. आणि आमच्या बहुतेक पोरींचं वयोगटातलं ते शेवटचं वर्ष.

शुक्रवारी तिथं कुणाचा तरी मेळावा झाला. शनिवारी संध्याकाळी अभय गेला तर मैदानाची चाळण.

मांडववाल्याला फोन केला. "सर, माणसं गावी गेली. सोमवारी बघू."

मैदानाच्या कार्यालयात फोन केला. "आज शनिवार आहे, माहीत आहे ना?"

कर्णधार होती दीक्षा. ती म्हणाली, "सर, आम्ही सगळ्या येतो भरायला."

"झोपा. उद्या खेळायचंय तुम्हाला."

"मग तुम्हीपण झोपा. तुम्हाला बाहेरून ओरडायचंय."

तो हसला नाही. जेवण न करताच फावडं आणि घमेलं घेऊन निघाला. फाटकाशी रखवालदार भिकाजी डबा उघडून बसला होता.

"एकटेच, सर? येऊ का?"

"जेव तू. दिवे लाव फक्त."

"दिवे कुठले? वीज तोडून महिना झाला."

अभयनं टॉर्च दाताखाली धरला आणि कामाला लागला. फाटकाजवळ लाल मातीचा ढीग होता, पण मैदानातली टाकी कोरडी. त्यानं ठरवलं, पाणी नको. सुकी माती ओतायची, बुटानं दाबायची, वर गवत पसरायचं. पंचाची टाच चुकवली की झालं. सुका भराव धावत्या पायाखाली खचतो, घोटा जातो, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. लहानपणापासून माहीत होतं. पण त्या रात्री तो इतका कावला होता की माहीत असलेलं सगळं त्याला नकोसं झालं होतं.

"जन्मभर दुसऱ्यांचे खड्डे भरलेस, बाबा," तो पुटपुटला. "काय मिळालं? परत खड्डेच."

पहिली रांग संपली. माती आणायला तो वळला.

पहिला खड्डा उघडा होता.

माती काढून काठाशी नीट गोल रचलेली. कुत्रं असं करत नाही.

"भिकाजी! थट्टा सुचते तुला?"

"ओ सर, मी इथं जेवतोय!" आवाज फाटकाकडून आला. लांबून.

अभयनं खड्डा पुन्हा भरला. चडफडत. दुसऱ्याकडे गेला. तोही उघडा. तिसराही.

मग तो एका भरलेल्या खड्ड्यापाशी उकिडवा बसला. टॉर्च त्यावर रोखला. बघत राहिला. माती हलली नाही. कणभरही नाही.

पाठीमागे सळसळ झाली... माती सरकल्यासारखी.

तो वळला. मागचा उघडा.

पुन्हा इकडे वळला.

ज्याच्यावर टॉर्च होता, तोही...

"काय पाहिजे?" तो ओरडला. "काय पाहिजे तुला?"

काहीच नाही. वारासुद्धा नाही.

मग मैदानाच्या पार त्या टोकाकडून...

थप्प.

थप्प.

मध्ये जरा थांबणं, माती हातानं चाचपून बघावी इतकं.

थप्प.

"म्हणजे त्याचे वडील..." राही म्हणाली.

 आप्पा पुढे सांगू लागले.

 अभयच्या तोंडून काय निघालं? तक्रार. "टाकी कोरडी आहे, बाबा! पाणी कुठून आणू मी? एकटा आहे मी इथं!"

आवाज थांबला.

हे थांबणंही त्याला ओळखीचं होतं. रागावणं नाही, समजावणं नाही. तू पाणी आणेपर्यंत मी थांबतो, एवढंच.

तो शिव्या देत उठला. भिकाजीचे पाण्याचे दोन कॅन उचलले, रस्त्यापलीकडच्या हातपंपावर गेला. थर घातला. पाणी. फावड्याची पाठ. पुन्हा थर. दुसऱ्या खड्ड्याकडे गेला, वळून बघितलं.

पहिला तसाच होता. भरलेला.

आणि त्या टोकाला पुन्हा... थप्प.

तो इकडून भरत गेला. आवाज तिकडून येत गेला. जवळ. आणखी जवळ. किती खेपा झाल्या, त्यानं मोजल्या नाहीत. हाताची सालं निघाली. मध्यरेषेपाशी टॉर्च पिवळा पडला, तेव्हा दोघांच्या मध्ये एकच खड्डा उरला होता.

त्यानं टॉर्च वर केला नाही.

समोर कुणीतरी श्वास घेत होतं. दमलेल्या माणसाचा श्वास.

अभयनं माती घातली. पाणी ओतलं. हात मागे घेतला.

थप्प.

"बाबा..."

थप्प.

"बाबा, मी..."

बंदराशेजारच्या मिरकरवाड्याकडून पहाटेची बांग आली. समोर काही नव्हतं.

"आणि मॅच?" दीपकनं हळूच विचारलं.

"झाली. पंचानं सगळीकडे टाच मारली, कुठंही रुतली नाही. आपण एका गोलानं हरलो. दीक्षा रडली, मग देवरूखच्या पोरींबरोबर आईस्क्रीम खाऊन आली. अभय मात्र धुमसत होता. सोमवारी सकाळी स्टाफरूममध्ये मला म्हणाला, 'आप्पा, कुठल्याशा प्रदर्शनाचे ट्रक उभे आहेत फाटकावर. पुन्हा खड्डे.' मग हात धरून मला मैदानात घेऊन गेला. ट्रक आत यायच्या आधी."

आप्पांनी चढाकडे बोट केलं. राहीनं मोबाइल हातात घट्ट धरला होता, पण दिवा लावला नाही.

"अभयनं भरलेला भाग इकडचा. तिकडच्या अर्ध्यात त्यानं त्या रात्री पाऊलही टाकलं नव्हतं. तिथं प्रत्येक भरलेल्या खड्ड्याशी जमिनीत दोन खळगे होते. माणूस गुडघे टेकून बसला की होतात तसे. आदल्या दिवशी बावीस पोरी त्यावरून धावल्या होत्या. त्यांच्या बुटांच्या खुणा सगळ्या मैदानभर होत्या. त्या खळग्यांच्या काठापर्यंत होत्या. आत एकही नव्हती."