सत्तावीस नंबरचं कुलूप

नकाशांची भेंडोळी दोन्ही बगलांत मारून पूर्वी राऊळ धापा टाकत तिसऱ्या मजल्यावर पोहोचली, आणि सत्तावीस नंबरच्या दाराला हे एवढं कुलूप! मागे सतरा पोरं. मंगळवार, अकरा वाजून पाच मिनिटं. तिनं दाराला एक लाथ घातली.

"दार आतून नाही, बाहेरून बंद आहे, मॅडम," मागून कुणीतरी म्हणालं.

चष्मा, दुमडलेल्या बाह्या, हातात किल्ल्यांचा जुडगा, आणि चेहऱ्यावर हसू. त्या हसण्यानंच तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मग उघडा की! माझा तास आहे इथे."

"ही वेळ शामराव सरांची आहे."

"कुठेत ते?"

"ते... या खोलीत येत नाहीत."

"कधी येतात?"

"कधीच नाही. दोन वर्षं झाली, स्टाफरूममधून उठतच नाहीत. पण खोली त्यांची."

आता सांगा, माणसानं भडकायचं नाही तर काय करायचं?

परळच्या त्या कॉलेजात वर्ग फार आणि खोल्या कमी. म्हणून स्टाफरूममध्ये एक जाड वही असे. कुणाला कुठली खोली, कधी हवी, ते जूनमध्ये तिच्यात लिहायचं. वहीवरून टाइमटेबल लावायचं काम कुणालाच नको, म्हणून ते गणिताच्या सिद्धांत विजयकरच्या गळ्यात पडलेलं. तोच हा किल्ल्यावाला. पूर्वी राऊळ नवीन, तीही तासिका तत्त्वावर. भूगोलाचे नकाशे पसरायला लांब टेबलं लागतात, आणि ती अख्ख्या कॉलेजात फक्त सत्तावीसमध्ये. मंगळवार अकरा, सत्तावीस नंबर, असं वहीत तिनं लिहिलं होतं. तरी पदरात काय पडलं? शनिवारी दुपारी पावणेचार, बारा नंबर, एक वही ठेवली तर दुसरी पडेल अशी बाकं.

मग ती भांडायला लागली. रोज एक वाजता, स्टाफरूममधल्या त्याच्या टेबलाशी.

"आज पाच मिनिटं उशीर केलात," तो घड्याळाकडे बघत म्हणायचा.

"भांडायला मुहूर्त लागतो का?"

"नाही, चहा गार होतो ना. तुमचाही मागवलाय."

"लाच देताय?"

"कटिंगची लाच? एवढ्या स्वस्त नाही हो तुम्ही."

चहा ती प्यायची, आणि पिऊन पुन्हा भांडायची. जिना उतरताना आपण हसतोय हे लक्षात आलं, की तिला स्वतःचाच राग यायचा. गिरगावच्या विजयकरांचं ते गुळगुळीत बोलणं, चहाचा ग्लास पुढे सरकवताना अर्धा क्षण थांबणारी ती बोटं... छे! ती भेंडोळी घट्ट धरून चालू लागायची.

पण खाली ऑफिसात वेगळीच गंमत चालली होती. शनिवारी दुपारी निम्मी पोरं कामावर असायची, कुणी मॉलमध्ये, कुणी हॉस्पिटलसमोरच्या औषधाच्या दुकानात. एकेक जण विषय बदलायला लागला. एकतीस जुलैला पंधराच्या खाली आकडा गेला की भूगोल बंद, आणि तिचे तासही बंद. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. वर्ग हवा म्हणून भांडेन, पण नोकरी वाचवा म्हणून हात पसरणार नाही, असा तिचा खाक्या.

शेवटच्या शनिवारी तिनं सरळ बाहेरच्या पॅसेजमध्ये, जमिनीवर नकाशे पसरले. तास संपून पोरं गेली आणि पावसाची एक आडवी सर आत आली. ती ओरडत गुडघ्यांवर बसून कागद ओढू लागली, तेवढ्यात वर छत्री आली. सिद्धांत छत्री नकाशांवर धरून स्वतः भिजत उभा होता. चष्म्यावरून पाणी ओघळत होतं आणि त्याला ते पुसायचंही सुचत नव्हतं.

ती विरघळली. आणि विरघळली म्हणून जास्तच चिडली.

"आता कशाला वाचवताय? चौदा उरलीत! परवा आणखी एक आलं नाही तर विषय बंद, मी घरी!"

त्याचं हसू कुठल्या कुठे गेलं. "हे... मला माहीत नव्हतं."

"तुम्हाला काय माहीत असतं?"

"एक गोष्ट होती," तो खाली बघत म्हणाला. "वहीत तुमचं नाव आहे. पहिल्या दिवसापासून. पण पेन्सिलीनं. आपल्याकडे पेन्सिलीचं धरत नाहीत. पेनानं लिहिलं तरच खोली मिळते."

"नवीन आहे मी! मोठ्यांच्या नावाखाली पेनानं कसं लिहायचं म्हणून... मग सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर एका दिवसात प्रश्न मिटला असता. मग एक वाजता... कोण आलं असतं?"

पूर्वीनं ओले नकाशे तसेच छातीशी धरले आणि निघून गेली.

सोमवारी सकाळी सिद्धांतनं भर स्टाफरूममध्ये शामरावांच्या नावावर काट मारली आणि तिथे पेनानं भूगोल लिहिला. शामराव तासभर कडाडले, प्राचार्यांपर्यंत गेले. वर्षभराचे सकाळी सातचे सगळे तास सिद्धांतच्या नशिबी आले, पण खोली राहिली. तास मंगळवारी अकराला म्हटल्यावर बाराच्या आत तीन पोरं परतली. त्याच दिवशी एकतीस तारीख, ऑफिसातल्या बेबीताईंनी यादीवर शिक्का मारला. सतरा.

एक वाजता पूर्वी त्याच्या टेबलाशी उभी राहिली.

"थँक यू म्हणायला आलेले नाही."

"माहीत आहे."

"खोली तू दिली नाहीस. माझीच अडवली होतीस." 'तू' तिच्या तोंडून निसटला होता, तिनं तो मागे घेतला नाही. "आमच्या घरात कॉलेजात शिकवणारी मी पहिली. बाबांनी चाळभर पेढे वाटले. महिनाभर मी त्यांना सांगतेय, सगळं छान चाललंय. खोटं! तुझ्या करमणुकीपायी!"

"करमणूक नव्हती, पूर्वी." तो उठून उभा राहिला. "आवडतेस तू मला. ते बोलायची हिंमत नव्हती, म्हणून गप्प बसलो. आणि तुझं वाटोळं करत होतो. माफ कर म्हणायलाही तोंड नाही मला."

"आणि मी? मलाही एक वाजायची वाट बघायची सवय लागली होती, मेल्या! म्हणून तर एवढा राग आलाय!"

स्टाफरूममधल्या सगळ्या माना वळल्या. पूर्वीचे कान तापले, पण आता मागे कशाला हटायचं?

"यापुढे मी इथे भांडायला येणार नाही. तू यायचंस. रविवारी, लालबागला, आमच्या घरी. काय केलंस ते बाबांना स्वतःच्या तोंडानं सांगायचं. सगळं."

"ते काय म्हणतील?"

"म्हणतील ते ऐकायचं. मी मध्ये पडणार नाही."

"येतो," तो म्हणाला. "नक्की येतो."

ती दारापर्यंत गेली, थांबली, आणि मागे न बघताच करवादली, "आई कोंबडी-वडे करते रविवारी. उपाशी ये!"