भर दुपारची लिफ्ट

तिसऱ्या मजल्यावर लिफ्टची जाळी सरकली, तेव्हा ती आत घरच्या वजनकाट्यावर उभी होती. मान खाली, श्वास रोखलेला. बाहेर हत्यारांची पिशवी घेतलेला एक तरुण आधी तिच्याकडे, मग काट्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे बघत राहिला.

“या ना. फक्त काट्यावर पाय देऊ नका.”

“वजन वाढलंय का?”

“लिफ्ट वर निघाली की क्षणभर वाढतं. खाली निघाली की कमी होतं.”

“मग तुम्ही खालीच जात जा,” तो म्हणाला आणि लगेच त्यानं जीभ चावली. “म्हणजे… तशी काही गरज नाहीये म्हणा!”

तिला हसू आवरेना.

ती घरी पडदे शिवायची. हात मशीनवर आणि कानात भौतिकशास्त्राची व्याख्यानं. एखादी झालर वाकडी जायची, पण तारा विझतो कसा, हे बाईसाहेबांना पक्कं ठाऊक! इमारतीत तिचं नावच ‘शास्त्रज्ञबाई’ पडलं होतं. तो लिफ्टचा मेकॅनिक. तक्रार अशी होती, की भर दुपारी लिफ्ट आपोआप पाचव्या मजल्यावर जाते. आत कुणीही नसतं.

पाचव्या मजल्यावर तिचंच घर होतं.

“आज दुपारी जिन्यात थांबा,” ती म्हणाली. “आणि काहीही दिसलं तरी बोलू नका.”

दुपारी जिन्यात त्या दोघांशिवाय चिटपाखरू नव्हतं. कुणी बटण दाबलं नाही, तरी खालून दोरांची घरघर सुरू झाली. जाळीतून गार वारा आला. लिफ्ट येऊन थांबली… रिकामी. तिच्या आईनं दार उघडलं, जाळी ओढली आणि त्या रिकाम्या लिफ्टकडे बघून हळूच म्हणाली, “आलात? या.” वाट द्यायला ती बाजूला सरकली आणि कुणाच्या तरी मागोमाग गेल्यासारखी घरात गेली.

त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला.

“बाबा याच वेळेला जेवायला यायचे,” ती कुजबुजली. “त्यांना जाऊन वर्ष होऊन गेलं. काल तर आईनं लिफ्ट यायच्या आधीच जाळी ओढली. समोर नुसता अंधार! मी मागून धरलं म्हणून… हे बंद करायलाच हवं. पण बंद केल्यावर ती खचली तर?”

“आणि तो वजनकाटा?”

ओढणीच्या टोकाशी चाळा करत ती म्हणाली, “इथं जे काही आहे, त्याला वजन असतं. बाबा खरंच येत असतील, तर… थोडं तरी भरेल ना? हसा हवं तर.”

तो हसला नाही.

दुसऱ्या दिवशी आईला शेजारणीकडे धाडून त्यांनी काटा रिकाम्या लिफ्टमध्ये ठेवला. तो लिफ्टच्या टपावर बसला, फटीतून काट्यावर डोळा ठेवून. ती वर जीव मुठीत धरून उभी. घरघर आली, लिफ्ट थांबली, तो खाली उतरला.

“किती?”

तिच्या डोळ्यांतली आशा बघून तो घुटमळला.

“शून्य… खोटं सांगावं असं वाटलं होतं. पण तुम्हाला खोटं सांगवेना.”

ती पायरीवर बसली आणि बाबा गेल्यानंतर पहिल्यांदा ढसाढसा रडली. तो दोन पायऱ्या खाली बसून राहिला. डोळे पुसायला त्यानं खिशातलं फडकं दिलं आणि त्यातलं ग्रीस तिच्या गालभर झालं. ते बघून दोघंही एकदमच हसले.

मग त्यानं पाचव्या मजल्यावरच्या बटणाचा डबा उघडला. खिडकीतलं ऊन दुपारी नेमकं त्यावर पडायचं. तापून आतली जुनी पट्टी पसरायची आणि तारेला टेकायची, जणू कुणी बटणच दाबलंय.

“म्हणून ढगाळ दिवशी बाबा यायचे नाहीत,” ती पुटपुटली.

त्यानं पट्टी बदलली. लिफ्ट समोर नसताना उघडणार नाही, असं कुलूपही जाळीला बसवलं.

पुढच्या दुपारी आभाळ गच्च भरून आलं. ऊन नाही, पट्टी नवी. आई तरीही जाळीशी उभी राहिली. वेळ टळून गेली. आई जाळीपासून हलेना, तशी तिनं आईला खांद्याशी धरलं…

आणि खालून घरघर आली.

अंधारातून लिफ्ट वर आली. आत कालपासून तिथंच राहिलेला तो काटा आणि त्यावर तो! केस विंचरलेले, हातात पिशवी नाही.

“काकू, येऊ का?”

आई त्याच्याकडे बघत राहिली. “ते नाहीत, हे कळतं रे मला,” ती सावकाश म्हणाली. “पण या वेळेला दारात कुणीच येत नाही, तेवढं सोसवत नव्हतं. ये.”

काट्यावरून उतरताना तो तिच्याजवळ अडखळला. “तुम्ही म्हणाला होतात, खाली जाताना वजन कमी होतं… माझं नाही होत. इथून खाली निघालो की पाय जड होतात. तुला… तुम्हाला हेच सांगायला आलो.”

तिचे कान तापले. “एकदा मोजून काही सिद्ध होत नाही,” ती म्हणाली. “रोज यावं लागेल.”

“येईन की.”

आई वाट द्यायला बाजूला सरकली… दोन माणसं आत येतील इतकी. तो आत गेला, तरी आई क्षणभर दार धरून तशीच उभी होती.

काटा मागे लिफ्टमध्येच होता. शास्त्रज्ञबाईंनी वळून पाहिलं नाही.