व्हार्निशच्या वासाचा चहा

"पाच वाजेपर्यंत उलगडा झाला नाही, तर हिला घरी पाठवणार," चहाच्या पेढीची मालकीण म्हणाली. पॅकिंगवाली कोपऱ्यात उभी होती. तिचं रडून झालं होतं.

भावजींनी चहाच्या पेटीत डोकं घातलं आणि झटकन बाहेर काढलं. संत्र्याची साल आणि लवंग घातलेला काळा चहा, आणि वास ताज्या व्हार्निशचा!

त्यांच्या वहिनींनी, म्हणजे ज्यांना तपासासाठी बोलावलं होतं त्या गुप्तहेर बाईंनी, तळातली मूठभर पत्ती दिराच्या नाकाखाली धरली. "ही कशी आहे, भावजी?"

"कोरडी ठणठणीत. पण वास तोच, वर तसाच खाली."

मालकीण म्हणाली, "नऊ वाजता टेस्टर काकांनी चाखून उत्तम म्हणून शिक्का मारला. मग पेटीला कुलूप, किल्ली हिच्याकडे. अकराला उघडली तर हे!"

"रात्रभर पेटी चाखायच्या खोलीत उघडी होती," पॅकिंगवाली म्हणाली. "सकाळी काकांनीच झाकण लावलं. मी फक्त कुलूप घातलं हो."

भावजींनी मनात जमाखर्च मांडला: किल्ली हिची, दोन तास हिचे. हिशेब चोख जुळला.

चाखायच्या खोलीत पाऊल टाकताच त्यांना ठसका लागला. फळ्यांना कालच व्हार्निश मारलेलं. काका मात्र मजेत लवंगा काट्यावर तोलत होते.

"खिडकी उघडू?" वहिनींनी विचारलं.

"कशाला? पत्ती उडेल. बसा, मागच्या खेपेच्या बंद पेटीतला चहा घ्या."

"पूर्वी काका सगळं चिमटीनं टाकायचे," मालकीण कौतुकानं म्हणाली. "सहा महिन्यांपासून तोलतात. आणि चहा असा जमतोय, की विचारू नका!"

भावजींनी घोट घेतला. आधी संत्र्याच्या सालीचा कडसर गोडवा, मग लवंगेची ऊब, आणि शेवटी जिभेच्या कडांना धरून बसणारा तुरटपणा. ते व्हार्निश विसरले. कप रिकामा झाल्यावरच त्यांनी तो खाली ठेवला.

पाचला दहा कमी असताना वहिनी बोलल्या.

"कुणी काही ओतलं नाही, पत्ती कोरडी आहे. चहा आजूबाजूचा वास पितो, पण तळापर्यंत पोचायला वासाला रात्र लागते. म्हणजे नऊ वाजता चहा बिघडलेलाच होता."

"मग काकांनी पास कसा केला?" भावजी चक्रावले.

"तुम्हाला जिथं ठसका लागला, तिथं काकांना खिडकी उघडावीशी वाटली नाही. नाकाच्या अंदाजानं टाकायची चिमटी गेली, काटा आला. काका, वास कधीपासून येत नाही?"

काकांचा चमचा खाली पडला. "सहा महिने. तापानंतर."

"पण आम्ही प्यायलो तो चहा?" भावजींनी विचारलं.

"तुरटपणा जीभ सांगते, कडकपणा रंग सांगतो. बाकी सगळं आठवणीतलं."

भावजींनी रिकाम्या कपाकडे पाहिलं. हा माणूस सहा महिने न येणारा वास तोलत होता, आणि मिश्रण एकदाही चुकलं नव्हतं! त्यांना नकळत उभं राहावंसं वाटलं.

"आणि मी दोषी ठरत होते," पॅकिंगवाली म्हणाली.

"पोरी, दिवसभर सांगायला तोंड उघडत होतो. धीर झाला नाही." काकांची मान खाली गेली.

"हिची नोकरी राहिली," मालकीण म्हणाली. "तुमचं काय करू, काका?"

पॅकिंगवालीनं खुर्ची ओढली, नव्या मिश्रणात नाक घातलं आणि रागातच म्हणाली, "लवंग पुढं पळतेय. साल मागं राहिलीय."

काकांनी क्षणभर डोळे मिटले, मग काट्याकडे पाहिलं. "साल वाढव. अजून. बस."

तिनं चहा गाळला, वाफ हुंगली आणि तिचा हात जागीच थांबला.

"काय गं, बिघडला?" काकांनी घाबरून विचारलं.

"थांबा हो," ती हळूच म्हणाली. "पिऊ तर द्या."