शेजाऱ्याचं ॲव्हरेज

कंपनी सांगते तेवढं ॲव्हरेज रस्त्यावर कधी मिळत नाही, हे सत्य गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या महिन्यातच कळतं. चाचणीत पंचवीस देणारी गाडी घरी आली की अठरावर येते. मग माणूस आधी पंपवाल्याला, मग मेकॅनिकला आणि शेवटी स्वतःच्या नशिबाला बोल लावतो. डॉ. सुलक्षणा गुंजाळ यांच्यासमोरच्या पडद्यावर मात्र त्या दिवशी उलटी गंगा वाहत होती. 'लघिमा' ही नवी गाडी नगर शहराच्या खड्ड्याखुड्ड्यांच्या रस्त्यांवर लिटरला चौसष्ट किलोमीटर धावत होती. आणि वाहन चाचणी केंद्राच्या मोकळ्या, गुळगुळीत धावपट्टीवर तीच गाडी जेमतेम बावीस देत होती.

सुलक्षणानं चाचणी तीनदा घेतली. टायरमधली हवा तपासली, इंधन मोजण्याचं यंत्र बदललं, चालक बदलला. आकडा बावीसवरून हलेना.

पेट्रोल लिटरला चारशे ऐंशीवर गेल्यापासून लोकांना दुसरं काही सुचत नव्हतं. लघिमा सहा महिन्यांपूर्वी प्रायोगिक परवान्यावर आली आणि गरम भज्यांसारखी खपली. सुलक्षणाच्या कॉलनीत बेचाळीस घरं. त्यातल्या अडतीस घरांपुढे लघिमा उभी होती. न राहवून तिनंही नाव नोंदवलं होतं आणि सोमवारी गाडी ताब्यात मिळायची होती. केंद्राचा अंतिम दाखला तेवढा बाकी होता, आणि तो द्यायचं काम तिच्याकडेच होतं.

धावपट्टीकडे बघता बघता तिला एकदम आबांचं एक वाक्य आठवलं आणि ती खुर्चीतून उठलीच.

आबा म्हणजे तिचे वडील, रंभाजी गुंजाळ. बत्तीस वर्षं एस.टी. चालवलेला माणूस. दहा लिटर डिझेलमध्ये किती किलोमीटर, यावर तिथं ड्रायव्हरची परीक्षा होते. गाडीचं दुखणं आबांना पायाच्या अंगठ्यातून कळायचं. गेले चार महिने ते लेकीच्या जुन्या गाडीबद्दल कुरकुरत होते.

"सुलू, तुझी गाडी जड चालतीय."

"जुनी झाली आबा."

"जुनी गाडी रोज सारखीच जुनी असती. ही रविवारी सतरा देती आन् सोमवारी तेरा. इंजिन काय रविवारचा उपास करतं व्हय?"

तेव्हा ती हसली होती. आता हसू येईना. कारण रविवारी बरं वाटायचं ते फक्त गाडीला नव्हे. आबा रोज सकाळी नऊला चौकात पेपर आणायला जायचे. दहा मिनिटांची वाट. हल्ली त्यांना अर्धा तास लागायचा, वाटेत तीनदा बसायचे, घरी आले की छाती धरायचे. हृदयाच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. रक्तवाहिन्या स्वच्छ होत्या, पण हृदयाचा स्नायू जाडावला होता. "हा माणूस रोज पोती उचलतो की काय?" असं त्यांनी विचारलं होतं. असंच चाललं तर वर्षभरही निघणार नाही, हेही सांगितलं होतं. आणि आबा एकच गोष्ट सांगत राहिले, की रविवारी मला काही होत नाही.

रविवारी नऊला कॉलनीतली एकही गाडी कामावर जात नसे.

सुलक्षणानं लघिमाच्या जनकाला फोन लावला. डॉ. विश्राम गद्रे तिचे एकेकाळचे प्राध्यापक. ते तासाभरात केंद्रावर आले. चहा आला, आणि तिनं सरळच विचारलं.

"सर, लघिमातला तुमचा जडत्वहारक नेमकं करतो काय? जाहिरातीतलं नको, खरं सांगा."

"जडत्व म्हणजे वस्तूचा आळस," गद्रे उत्साहानं म्हणाले. शिकवायला मिळालं की ते खुलायचे. "उभी असली की हलायला नको, धावत असली की थांबायला नको. शहरात गाडीचं बरंचसं पेट्रोल हा आळस मोडण्यात जातं. सिग्नलला थांब, पुन्हा सूट. आपला हारक गाडीतला तो आळस काढून घेतो. मग उचलायला काही उरतच नाही."

"काढून घेतो, आणि ठेवतो कुठे?"

गद्रे यांनी कप खाली ठेवला.

"नष्ट होत नाही ते," ते म्हणाले. "निसर्ग एवढा उदार नाही. दोनशे मीटरच्या आत जे काही हलतं आहे त्याच्यावर ते वाटलं जातं. उभ्या भिंती घेत नाहीत, फक्त हलणाऱ्या वस्तू घेतात. जितकं मोठं धूड, तितका मोठा वाटा."

"म्हणून मोकळ्या धावपट्टीवर बावीस. आळस घ्यायला तिथं कुणी नव्हतं, तो गाडीतच राहिला. आणि आसपास दुसरी लघिमा असली तर?"

"ती घेत नाही, झटकून टाकते. ज्याच्याकडे हारक नाही, त्याच्यावरच साचतं."

"म्हणजे साध्या गाड्यांवर. आणि त्या संपल्या की सायकलवर, पायी चालणाऱ्यावर." सुलक्षणाचा आवाज चढला. "सर, हृदय दर ठोक्याला रक्ताला ढकलतं. मिनिटाला सत्तर वेळा थांब आणि सूट! आमच्या कॉलनीचं वाचलेलं पेट्रोल माझ्या बापाच्या छातीत जळतंय."

गद्रे उठून खिडकीशी गेले. "सुरुवातीला रस्त्यावर साध्या गाड्या भरपूर होत्या. ओझं चिमूट चिमूट वाटलं जायचं, कुणाला कळलंही नसतं. इतक्या खपतील असं वाटलं नव्हतं गं. पण सगळ्यांनीच घेतल्या की प्रश्न मिटेल."

"सगळ्यांनी घेतल्या की सगळ्यांना बावीसच मिळेल! मग एवढा खटाटोप कशासाठी?"

"ते मला कळतं," गद्रे हळू म्हणाले. "पण गाडीत बसलेल्या माणसावर ओझं येत नाही. तुझी सोमवारी येतेय ना? आबांना त्यात बसव. शिक्षक म्हणून सांगतो, उशीर करू नकोस."

तिनं दाखला अडवून धरायचा प्रयत्न केला. केंद्राच्या संचालकांनी शांतपणे छापील अर्ज पुढे सरकवला. इंधन, धूर, ब्रेक, आवाज. "शेजाऱ्याचा रकाना यात कुठे आहे, मॅडम? गाडी नियमात बसते." तिनं सही नाकारली तेव्हा त्यांनी स्वतःच सही केली.

घरी येऊन तिनं आबांना सगळं सांगितलं. सोमवारपासून पायी जायचं नाही, मी लघिमातून नेईन आणि आणीन, असंही सांगितलं. आबांनी ऐकून घेतलं.

"मंग मपलं ओझं कुणावर पडंल?"

"आबा, ते आता..."

"कुणावर, ते सांग. त्या इस्त्रीवाल्या पारूबाईवर? ती दिवसभर हात हलवती." त्यांनी मान हलवली. "बत्तीस वर्षं म्या लोकास्नी वाहून नेलं. आता लोकांनी मला वाहायचं, आन् त्येबी त्यास्नी न इचारता? मी न्हाई बसायचा त्या गाडीत."

"मग मरायचंय का तुम्हाला?" ती ओरडली आणि रडू फुटलं. आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण शब्द मागे घेतला नाही. गुंजाळांच्या घरात हट्ट बापाकडूनच येतो.

शनिवारी संध्याकाळी तिनं कॉलनीची सभा बोलावली. चिटणीस झावरे सर, कॉलेजचे प्राचार्य, मोठा भला माणूस. तिनं आलेख दाखवले, धावपट्टीचे आकडे दाखवले, आबांच्या हृदयाची चित्रं दाखवली. लघिमात एक हिरवं बटण असतं, ते दाबलं की हारक बंद पडतो. कॉलनीत शिरता-निघताना तरी ते दाबा, एवढंच तिनं मागितलं.

झावरे सरांनी चष्मा पुसला. "मॅडम, म्हणजे ज्याच्याकडे लघिमा चालू नाही, त्याच्या हृदयावर हे सगळं येतं?"

"हो."

"मग बटण आधी कुणी दाबायचं? मी एकट्यानं बंद केलं तर अडतीस घरांचं ओझं माझ्या एकट्यावर. बाकीच्यांनी आधी बंद करू दे, मी लगेच करतो." सगळ्यांनी माना डोलावल्या. प्रत्येकाला हेच म्हणायचं होतं.

रविवारी सकाळी उरलेली तिन्ही घरं लघिमाच्या दुकानापुढे रांगेत उभी होती. मालकानं त्यांना हातोहात गाड्या दिल्या. सुलक्षणाच्या व्याख्यानानं कंपनीची फुकटात जाहिरात झाली होती. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं म्हणून तिनं कपाळावर हात मारला. आता कॉलनीत एकच साधी गाडी उरली होती, तिची. तीही सातलाच केंद्राकडे निघून जायची. मग नऊ वाजता रस्त्यावर उरायचे आबा, पारूबाई आणि दोनचार असेच पायी चालणारे.

त्या दुपारी पंपावर उभी असताना झावरे सरांचं वाक्य तिच्या डोक्यात घोळत होतं. एकट्यानं बंद केलं तर सगळ्यांचं ओझं एकट्यावर. सरांनी ते भीती म्हणून सांगितलं होतं. सुलक्षणानं ते पुन्हा पुन्हा तपासलं. गणित बिनचूक होतं. तिनं पंपवाल्याला टाकी काठोकाठ भरायला सांगितली आणि तिथूनच फोन करून आपली लघिमा रद्द केली.

सोमवारी तिनं रजा टाकली. कॉलनीतून हमरस्त्याला जायला एकच गल्ली होती, आणि ड्रेनेजच्या कामासाठी तिची अर्धी बाजू खोदलेली होती. एका वेळी एकच गाडी जाईल एवढीच जागा. नऊला पाच कमी असताना सुलक्षणाची जुनी गाडी त्या गल्लीच्या तोंडाशी लागली. मागे झावरे सर, त्यांच्यामागे बाकीचे, बघता बघता वीसेक लघिमांची रांग झाली. तिनं पहिला गिअर टाकला.

गाडी कण्हली. ॲक्सिलरेटर तळाला टेकला तरी ती गोगलगाईच्या चालीनं सरकली. मागे जी जी गाडी रांगेत यायची, तिचा आळस येऊन सुलक्षणाच्या गाडीत बसायचा. धूड मोठं म्हणून बहुतेक ओझं गाडीनं घेतलं, पण थोडं तिलाही सोसावं लागलं. गिअरवरचा हात उचलेना, छातीत धडधड वाढली. आबा चार महिने हे पाठीवर घेऊन पेपर आणत होते, हे तिला तेव्हा अंगानं कळलं. तिनं दात आवळले आणि पाय काढला नाही.

मागे हॉर्नचा गदारोळ झाला. शेवटी झावरे सर उतरून तिच्या खिडकीशी आले.

"मॅडम, गाडी बिघडलीय का? बाजूला तरी घ्या."

"बिघडलेली नाही सर. तुम्ही सगळ्यांनी आपापलं हिच्यात ठेवलंय, म्हणून हलत नाही." तिला बोलतानाही धाप लागत होती. "मघाशी चार गाड्या होत्या तेव्हा चालत होती."

"मला दहाला परीक्षा सुरू करायची आहे!"

"मग बटण दाबा. एकावरचं दोघांवर येईल. तिसऱ्यानं दाबलं की तिघांवर. सगळ्यांनी दाबलं की कुणावरच नाही."

"आणि नाही दाबलं तर?"

"तर इथेच. टाकी भरून आणलीय मी."

झावरे सर काहीतरी कडक बोलणार होते, तेवढ्यात त्यांच्या शेजारून कुणीतरी झपझप पुढे गेलं. पांढरा सदरा, टोपी, हात मोकळे हलताहेत. सर बघतच राहिले. रोज नऊला कठड्यावर बसून धापा टाकणारे रंभाजी गुंजाळ आज न थांबता गल्ली ओलांडून चौकाकडे चालले होते. सगळं ओझं लेकीच्या गाडीनं घेतल्यावर त्यांच्या वाट्याला फारसं उरलंच नव्हतं. सुलक्षणानं त्यांच्याकडे पाहिलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

आलेख, आकडे आणि चित्रं पाहून जे झालं नव्हतं, ते सरांना तेवढ्या वीस पावलांत झालं. ते मागे गेले. गाडीत बसून त्यांनी हिरवं बटण दाबलं.

सुलक्षणाची गाडी हिसका देऊन वीतभर पुढे सरकली. सरांच्या गाडीचं इंजिन गुरगुरायला लागलं. सरांनी खिडकीतून डोकं बाहेर काढून मागच्याला ओरडून सांगितलं. मागचा कुरकुरला, पण कामावर त्यालाही जायचं होतं, आणि आता भार दोघांत वाटलेला त्याला समोर दिसत होता. त्यानं दाबलं. मग त्याच्या मागच्यानं. एक वेळ अशी आली की हारक चालू ठेवून रांग अडवणारे शेवटचे पाचसहा जणच लोकांच्या शिव्या खायला उरले. मग त्यांनीही दाबलं. शेवटचं बटण दाबलं गेलं तेव्हा सुलक्षणाची जुनी गाडी एकदम मोकळी झाली आणि सरळ हमरस्त्यावर निघाली. मागच्या वीस गाड्यांचं ॲव्हरेज बावीसवर आलं होतं.

चौकात तिनं गाडी कडेला घेतली. झावरे सरांनी गाडी तिच्याशेजारी आणून काच खाली केली.

"हमरस्त्याला लागलो की हारक पुन्हा चालू करतील हे लोक."

"करू देत. उद्या नऊला मी पुन्हा गल्लीत आहे. परवाही."

"तुमची गाडी लहान आहे हो. किती दिवस सोसणार?"

"सोसेल तेवढे दिवस."

सरांनी घड्याळ पाहिलं आणि गिअर टाकला.

"उद्या बटण दाबून मी पुढे राहीन, तुम्ही माझ्या मागे या," ते म्हणाले. "माझी मोठी आहे. वाटा जास्त घेईल."