इलाहीचाचांची संकष्टी

इलाहीचाचा मुजावर तपासणीच्या खाटेवर केळं सोलत बसले होते, आणि समोरच्या भिंतीवरच्या पडद्यावर त्यांचं नवं यकृत त्यांच्या चुगल्या करत होतं. सातला पोहे, साडेनऊला चहा, साखर जरा जास्तच. कातडीखाली बसवलेल्या नखाएवढ्या चकतीपासून काही लपत नसे. एसटीच्या कार्यशाळेत तीस वर्षं इंजिनं खोललेल्या माणसाला एरवी याची मोठी गंमत वाटायची.

आज मात्र सोललेलं केळं हातातच राहिलं होतं. शरीराने नव्या यकृताचं रोप नाकारलंय, उद्या सकाळी काढून टाका, असं केंद्राच्या संगणकाने सांगून टाकलं होतं. रोप काढलं की उरणार ते जुनं, दगड झालेलं यकृत. ते ओढून ताणून दोन महिने चाललं असतं.

मिरजेच्या या केंद्रात यकृत बदलत नसत, लावत. मरणोत्तर दानातल्या एकाच यकृताच्या पेशी बारा रुग्णांच्या पोटातल्या लसिकाग्रंथींमध्ये रोवायच्या, भाताची रोपं लावतात तशा. तिथे त्या धरतात, वाढतात आणि रक्त गाळू लागतात. चाचांचं रोपयकृत छान धरलं होतं. पण तीन महिन्यांत तीनदा त्याने दिवसभर काम बंद ठेवलं, अंगात अमोनिया चढला आणि चाचा घरच्यांनाच "तुम्ही कोण?" विचारू लागले.

"खरं सांगा, चाचा," डॉ. वैदेही आरवाडे वैतागून म्हणाली. "चोरून झाडपाला घेता? कावीळ उतरवणाऱ्याकडे गेला होतात?"

शेजारी बसलेल्या जैबुनचाची उसळल्या. "कुणाच्या दारात गेलो असलो तर माझी जीभ झडो! उलट काल मटणाचा रस्सा केला होता. ताकद येईल म्हणून तुम्हीच सांगितलेलं."

"मग रोजा?"

"रमजानला अजून पाच महिने हाईत," चाचा म्हणाले. "आणि तुम्ही नको म्हटल्यावर मी कशाला धरतोय?"

सिस्टर कुंभोजकर मघापासून भिंतीवर यकृताचं काम दाखवणाऱ्या रेषेकडे डोळे बारीक करून बघत होत्या. "मॅडम, सकाळी बंद पडतं आणि रात्री एका झटक्यात सुरू होतं. नकार असा घड्याळ लावून येतो होय?" त्या तडक दारामागच्या दिनदर्शिकेपाशी गेल्या आणि पानं उलटू लागल्या. "काल किती वाजता सुरू झालं?"

"नऊ एकतीस," वैदेहीने पडद्यावरून वाचलं.

"चंद्रोदय नऊ एकतीस. त्याआधीच्या खेपेला?"

"नऊ चार."

"चंद्रोदय नऊ चार! अगं बाई, हे तर संकष्टी करतंय!"

वैदेहीला आधी हसू फुटलं, मग अंगावर काटा आला. समुद्रातल्या पोवळ्यांना चंद्र कळतो, हे ती शिकली होती. कुणीतरी आयुष्यभर, एकही चतुर्थी न चुकवता उपास केला असेल, तर त्या यकृताच्या पेशींना का कळू नये? रोपाला रोग नव्हताच. ते उपासाला बसलेलं, आणि वरून मटणाचा रस्सा! अमोनिया चढणारच.

"शस्त्रक्रिया रद्द," ती म्हणाली. संगणकावर लाल इशारा आला. तिने तो वाचला आणि त्याखाली स्वतःची सही केली. "पुढच्या चतुर्थीला रताळी आणि केळी. मटण दुसऱ्या दिवशी."

"आणि तुमचं चुकलं तर?" चाचांनी केळं बाजूला ठेवलं.

"तर जबाबदार मी. पण चुकणार नाही."

पुढच्या चतुर्थीला चाचांना केंद्रातच ठेवून घेतलं. ते दिवसभर रताळ्यांच्या नावाने बोटं मोडत होते, पण जैबुनचाचींना नावाने हाक मारून. अमोनिया चढला नव्हता. रात्री नऊ अठ्ठेचाळीसला खिडकीतून चाची ओरडल्या, "निघाला, निघाला!" आणि त्याच क्षणी भिंतीवरची रेषा वर उसळली. सिस्टरांनी पदराला डोळे पुसले.

त्याच दानातल्या इतर अकरा रोपांच्या रेषा वैदेहीने मागवून ठेवल्या होत्या. लातूर, नाशिक, नागपूर. सगळ्यांचा उपास होता, आणि ज्या त्या गावात चंद्र उगवला तेव्हाच तो सुटला होता. नागपूरचा मिरजेच्या सतरा मिनिटं आधी. पेशींना गाव कसं कळलं, हा प्रश्न तिने नोंदवहीत लिहून ठेवला.

चाचांनी पोटावर हात ठेवला.

"बाई असणार," ते म्हणाले.

"नाव-गाव सांगायला कायद्याने मनाई आहे, चाचा."

"नका सांगू. पण एवढी वर्षं उपाशी राहून तिनं देवाकडं काहीतरी मागितलं असंल की. आता आम्ही बाराजण तिचा उपास चालवतोय, आणि मागणं काय ते एकालाबी ठाऊक न्हाई." त्यांचे डोळे भरून आले. "डॉक्टर, ते पुरं झालं का, एवढं तरी तिच्या घरी विचाराल?"