पट्ट्याचं शेवटचं भोक

घड्याळाची किंमत काढायला जायचं, यात सांगण्यासारखं काय आहे, असं तुम्ही म्हणाल. मलाही जाताना तसंच वाटलं होतं. उलट वैतागच आला होता. ऑफिसातून अर्धी रजा टाकून, भर उन्हात, तेही एका जुन्या मनगटी घड्याळापायी.

हा सगळा घोळ बाबांचा. जायच्या आधी मला एकटीला जवळ बोलावून म्हणाले, "घड्याळ तुझं." धाकट्या भावाला एकट्याला बोलावून त्यालाही तेच. झालं, दोघा भावंडांत ठिणगी पडायला एवढं पुरलं. घरात बोलणं बंद, आणि धाकटा तर वेगळं बिऱ्हाड करायची भाषा करायला लागला. शेवटी आईने घड्याळ कपाटात टाकून कुलूप लावलं. "आधी किंमत काढून आणा. तोवर जो ते हाताला बांधेल त्याचा हक्क संपला," म्हणाली. किल्ली तिच्याच कमरेला. आज दुपारी तिने ती माझ्याकडे दिली, तेव्हा मी घड्याळ काढलं, कपाटाला पुन्हा कुलूप लावलं आणि निघाले.

घड्याळजीचं दुकान म्हणजे जिन्याखालचं बीळ. दिवसाही आत दिवा लागतो. तेलाचा आणि जुन्या चामड्याचा वास, आणि भिंतभर घड्याळांची टिकटिक, कुणाचा कुणाशी मेळ नाही. त्याने डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण उघडलं आणि आतलं एकेक चाक तपासलं.

"तबकडी मूळची आहे, रंगवलेली नाही. काटेही मूळचेच," तो शेवटी म्हणाला. "किंमत चांगली येईल. वापरतं कोण?"

"कोणी नाही. वडील गेल्यापासून कपाटात आहे."

"पण चालू आहे. वेळही बरोबर दाखवतंय."

"असेल. चांगलं आहे म्हणूनच तर भांडतोय."

त्याने भिंग काढलं. "बाई, हे चावीचं नाही, सेलचंही नाही. आत हे वजन दिसतंय ना, हात हलला की ते फिरतं आणि त्यावर घड्याळ चालतं. मनगटावरून काढून ठेवलं तर दुसरा-तिसरा दिवस बघत नाही."

माझ्या डोक्यात सणक गेली. धाकटा. आईला लाडीगोडी लावून किल्ली काढत असणार आणि गुपचूप घालून मिरवत असणार. तिथूनच फोन लावला. त्याची कचेरी पलीकडच्याच गल्लीत, तो तणतणतच आला आणि माझ्याआधी त्यानेच तोंड सोडलं.

"चोराच्या उलट्या बोंबा, ताई. तूच घालत असशील."

"मी? मला काय हौस पडलीय?"

"हळू बोला," घड्याळजी म्हणाला. "आणि जरा हा पट्टा बघा."

पट्टा मला पाठ होता. आजारपणात बाबांचं मनगट वाळत गेलं तशी आम्ही त्याला दाभणाने आत आत भोकं पाडत गेलो. घड्याळ सैल झालं की ते कासावीस व्हायचे. शेवटचं भोक मी पाडलं होतं, दवाखान्यात, त्यांचा हात मांडीवर घेऊन. घाईत ते जरा तिरकं पडलं. तिरकं ते मला लगेच दिसलं.

त्याच्या आत अजून एक भोक होतं. त्याच्याही आत अजून एक...

"तू पाडलीस?" धाकट्याने विचारलं. त्याचा आवाज एकदम उतरला होता.

"नाही रे."

घड्याळजीने बक्कल अगदी आतल्या भोकात अडकवलं. धाकट्याचा पंजा सोडा, माझाही हात त्यातून गेला नसता. त्या भोकाच्या कडा मात्र बक्कल घासून काळ्या झाल्या होत्या. "हे रोजच्या वापरातलं आहे," तो म्हणाला आणि घड्याळ आमच्याकडे सरकवलं. "तुम्ही घेऊन जा. मी ठेवून घेत नाही."

मी घाबरले होते. खोटं कशाला सांगू? वाटेत धाकटा म्हणाला, "ताई, तूच ठेव ते." मी म्हटलं, "नको, तुझंच ते." इतके महिने ज्याच्यासाठी भांडलो ते आता कुणालाच नको. वेगळ्या बिऱ्हाडाचंही त्याने नाव काढलं नाही. शेवटी दोघांनी मिळून ठरवलं, विकून टाकायचं.

घरी आई दारातच बसली होती. शिवणाचा डबा मांडीवर. दोघांना बरोबर आलेलं बघून तिला बरं वाटलं असावं.

"किती वेळ लावलात. आणा ते इकडे."

"आई, आम्ही विकायचं म्हणतोय," धाकटा म्हणाला.

"विकायचं काय? थांबा जरा." तिने पट्टा दिव्याकडे धरला, डब्यातून दाभण काढलं आणि शेवटच्या भोकाच्या आत आणखी एक पाडलं. "परवापासून पुन्हा सैल होतंय म्हणतात. हल्ली फारच बारीक झालेत."

"आई, काहीतरीच काय बोलतेस," मी ओरडलेच.

"हळू. आत्ता कुठे डोळा लागलाय."

ती घड्याळ घेऊन आतल्या खोलीत गेली. खोलीत एक पलंग आणि ते कपाट, बाकी काही नाही. बक्कल लागल्याचा बारीक आवाज आला. धाकट्याने माझा हात धरला. लहानपणानंतर पहिल्यांदाच.

आई रिकाम्या हाताने बाहेर आली आणि चहा टाकायला गेली. कपाटाला कुलूप होतं. किल्ली अजून माझ्याच पर्समध्ये होती.