तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा

मी रसायनशास्त्राची पदवीधर आहे. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. तरीही हे घडलंय, आणि घडलेल्या वेळा माझ्या वहीत आहेत.

कार्ताहेना, जुनं शहर. परवाची, म्हणजे चौदा मार्चची दुपार.

चारशे वर्षांपूर्वी, स्पेनचं राज्य असताना, चेटकीण म्हणून पकडलेल्या बायकांना इथल्या एका घरात कोंडत. त्या कोठडीच्या भिंतींना आता मीठ फुटलंय. ते खरवडून नमुने घ्यायचं काम माझं.

"लवकर आवर गं पोरी," राखणदार एवारिस्तोकाका म्हणाले. "माझी झोपेची वेळ झाली."

"काका, तुम्ही जागे असता कधी?"

"तुझ्यासारख्या चेटकिणी आल्या की!"

हसत हसत ते अंगणात गेले.

दोन दहाला माझ्यामागे कोठडीचं दार लागलं.

ढकललं. हललं नाही.

"काका! पुरे झाली मस्करी!"

फोनला रेंज नाही. रस्त्यावर मघापासून आंबेवाली ओरडत होती... तीही गप्प झाली.

मग भिंतीपलीकडून आवाज आला... कागदावर टाक फिरल्यासारखा.

"बाई, तुला इथे का आणलंय, ठाऊक आहे?"

पुरुषाचा आवाज. शांत. कंटाळलेला.

"दार उघडा!"

टाक खरखरला... माझं बोलणं उतरवून घेतल्यासारखा.

दोन एकोणीस. पुन्हा तोच प्रश्न.

मी हात पसरले. दोन्ही तळवे भिंतींना टेकले.

सकाळी मी खोलीची रुंदी मोजली होती... अडीच मीटर.

तेव्हा आठवलं. खटल्यांच्या कागदांत वाचलं होतं. आरोप काय, ते पकडलेल्या बाईला सांगतच नसत. तिलाच ओळखायला लावत. तीनदा विचारत. त्यानंतर छळाची खोली. जी सुटायची, ती बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाचं तरी नाव देऊन.

दोन सत्तावीस. तिसऱ्यांदा.

आता कोपरही हलत नव्हतं.

"नूबिया!" मी किंचाळले. "नूबिया पालोमिनो!"

माझी मावसबहीण. दुसरं नावच सुचलं नाही.

टाक थांबला... आणि दार उघडलं.

काका अंगणात घोरत होते. दाराला बाहेरून कडीच नव्हती.

संध्याकाळी नूबियाचा फोन आला.

"ताई, आज ऑफिसच्या लिफ्टमध्ये अडकले होते. वीस मिनिटं."

"कुणी... काही विचारलं?"

"हो. तीनदा."

"मग?"

"एक नाव दिलं."

"कुणाचं?"



"माझं देताना तू मला विचारलं होतंस?"

मी तिला काहीच सांगितलं नव्हतं.

तिने फोन ठेवला. नाव कुणाचं, ते अजून सांगत नाही.

आज सकाळपासून मावशी, म्हणजे तिची आई, फोन उचलत नाहीये. ती घरात एकटी असते.

मी आता तिच्या दाराबाहेर उभी आहे. बेल तीनदा वाजवली.

आतून फक्त टाकाची खरखर ऐकू येतेय...